वाणातली पातेली

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं माझी पातेली नव्हती.

मी वाकून बघितलं, टाकीला वळसा घालून बघितलं, कोपऱ्यातली फुटकी कुंडीसुद्धा हलवून बघितली. पातेली नाही, झाकणी नाही, काही नाही. विटा-स्वारगेट फेरी करून मी नुकतीच घरी आले होते. अंगावर खाकी तशीच, गळ्यात शिट्टी तशीच. खालून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता, गुलाबपाण्याचा वास येत होता.

"गेली," मी मोठ्यानं म्हणाले. "नोकरी गेली माझी!"

आता पातेलीचा आणि नोकरीचा काय संबंध, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई खुळी आहे.

मी एसटीत कंडक्टर. आज अकरा वर्षं होतील, पण ही गोष्ट घडली त्या रथसप्तमीला नोकरीला लागून जेमतेम नऊ महिने झाले होते आणि लग्नाला दीड वर्ष. आमच्या घरातले तिन्ही पुरुष, म्हणजे सासरे, थोरले दीर आणि आमचे हे, कोचीत असायचे. तिथं आमचं गलाईचं दुकान. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची, हा धंदा. विट्याकडच्या कितीतरी घरांतली माणसं अशीच देशभर पसरलेली, वर्षातनं एकदा यात्रेला घरी येणारी. मागं घरात आम्ही तिघी. सासूबाई हौसाबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. थोरली जाऊ रत्ना, माझी अक्का. आणि मी, उर्मिला.

आत्याबाईंनी मला नोकरी करू दिली, पण एका अटीवर. ऑर्डर हातात आली त्या दिवशी मला समोर बसवून म्हणाल्या, "कर. पण घरची रीत मोडायची न्हाई. ज्या दिवशी मोडशील, त्या दिवशी तिकिटाची बॅग खाली ठेवायची. कबूल?"

मी म्हणाले, कबूल. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "आईनं हो म्हटलं ना? मग झालं. आईनं न्हाई म्हटलं तर मला विचारू नको." म्हणजे हायकोर्ट तेच आणि सुप्रीम कोर्टही तेच.

आणि घरची पहिली रीत कुठली? तर पाळीचे कपडे उन्हाला दाखवायचे नाहीत आणि पुरुषाला दाखवायचे नाहीत. मागच्या अंगाला सरपणाची खोली होती, तिथं लाकडांच्या मागं दोरी. धुतलेले कपडे अंधारात तिथं वाळत घालायचे, वरनं जुना परकर टाकायचा. वाळतात कसले, सदा दमट! घरातले पुरुष वर्षातले अकरा महिने कोचीत, तरी कपडे पुरुषांपासून लपवायचे. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

सकाळी साडेपाचची गाडी, नऊ-दहा तास उभं राहायचं आणि मधे धड मोरी नाही. कंडक्टर बाईनं काय करावं? डेपोत एकदा आरोग्य शिबिर झालं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला कप दाखवला. पाळीतला कप. मऊ, रबरासारखा, आत घालायचा, आठ-दहा तास निभतं, मग काढून रिकामा करायचा, धुवायचा आणि परत घालायचा. एवढीशी वस्तू, पण माझं जगच बदललं. गाडीच्या पायरीवरनं उडी मारून उतरायला लागले मी!

डॉक्टरीणबाई एकच गोष्ट तीनदा बोलल्या. "स्वच्छता ठेवायची, उर्मिला. पाळी यायच्या आधी आणि संपल्यावर पाण्यात उकळायचा. त्यासाठी भांडं वेगळं. ते दुसऱ्या कशाला वापरायचं नाही."

भांडं वेगळं! आणि इथं मी माती खाल्ली. बाजारात जाऊन चाळीस-पन्नास रुपयांचं भांडं आणायला काय झालं होतं? पण नवीन भांडं घरात आलं की आत्याबाई विचारणार, कशाला आणलंस. त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून झाकणीच्या छोट्या छोट्या पातेल्या स्वस्त मिळाल्या म्हणून पावसाळ्यातच घेऊन ठेवल्या होत्या, पन्नासच्या वर. प्रत्येकीवर मशीननं नाव घातलेलं: 'सौ. हौसाबाई, हळदीकुंकू'. मी म्हटलं, एवढ्यातली एक गेली तर कुणाला कळतंय? सगळ्या सारख्याच. घेतली एक. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारखीला बघूनच म्हणत असतील.

त्या दिवशी पहाटे ड्युटीला जायच्या आधी मी कप त्या पातेलीत उकळला, पाणी ओतून टाकलं, कप आतच ठेवला आणि झाकणी तिरकी करून टाकीमागं ठेवून दिली, म्हणजे दिवसभर ऊन लागेल. आमच्याकडचं पाणी क्षारांचं, त्यामुळं उकळून उकळून पातेलीच्या आत एक पांढरी रेघ धरली होती. तेवढीच काय ती तिची खूण.

आता पातेली नव्हती. मी धाडधाड जिना उतरले. अर्ध्या जिन्यात अक्का वर येताना भेटली, हातात रिकामी गुलाबदाणी.

"अक्का, टाकीमागनं काही उचललंस?"

"टाकीमागनं? व्हय की. सकाळी वाणाच्या सगळ्या पातेल्या धुवून गच्चीत वाळत घातल्या होत्या. दुपारी गोळा केल्या. एक खुळी तुझ्या टाकीमागं गेली होती. ती पण घेतली."

"मग?"

"मग काय, टोपलीत घातली. वाटली की."

मी जिन्यातच बसले. अक्कानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. मी तिला खाली बसवलं आणि कानात सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचे डोळे मोठे होत गेले, आणि शेवटी तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"उर्मे! विटाळाचं वाण दिलं आपण! सवाष्णीला! आणि आत ती वस्तू तशीच?"

"तशीच. रबराची आहे, वाजतही नाही. तुला कळणार कसं?"

"आत्याबाईंच्या नावाची पातेली! नाव कोरलंय गं बाई वर! जिच्याकडं जाईल ती गावभर…"

मी कंडक्टर आहे. गाडीत गोंधळ झाला की आधी विचारायचं, शेवटचं कुणाला कुठं बघितलं. "अक्का, रडू नको. माझी पातेली तू कधी उचललीस? आधी का शेवटी?"

"सगळ्यात शेवटी."

"म्हणजे टोपलीत वर होती. म्हणजे पहिल्यांदा वाटली गेली. पहिल्या कोण आल्या?"

अक्कानं डोळे मिटून आठवलं. "तीनच्या ठोक्याला गिरजाकाकू. त्या नेहमीच पहिल्या. त्यांच्या मागोमाग पोस्टातल्या शेंडेबाई."

"चल!"

माजघरातनं जाताना आत्याबाई भिंतीला टेकून पाटावर बसल्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, एका बाजूला हळदीकुंकवाचं तबक, एका बाजूला तिळगुळाची परात, मांडीवर पदर गच्च ओढून घेतलेला. समोर दोन-तीन बायका होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस? खाकी बदल की."

"दोन घरची बोलावणी राहिलीत म्हणे, तेवढी करून येतो दोघी," मी म्हणाले. थाप मारताना माझा आवाज नेहमी चढतो, अगदी 'पुढं सरका, पुढं सरका' म्हटल्यासारखा. आत्याबाई फक्त "हं" म्हणाल्या.

शेंडेबाईंचं घर गल्लीच्या तोंडाशी. आम्ही जवळजवळ पळतच पोचलो. दार उघडं होतं, आणि आत गॅसवर, अहो काय सांगू, आत्याबाईंच्या नावाची पातेली! चहा रटरटत होता!

"अय्या, या या!" शेंडेबाई म्हणाल्या. "म्हटलं वाणाच्या पातेलीतला पहिला चहा आपणच पिऊ. तुम्ही पण घ्या घोट घोट."

अक्का भिंतीला टेकली. मी गॅसजवळ जाऊन पातेलीत डोकावले. चहा. नुसता चहा. साय धरू बघणारा. खाली काय आहे कुणास ठाऊक!

"शेंडेबाई, लॉट खराब निघालाय म्हणे," मी म्हणाले. "काही पातेल्या गळतात. बघू जरा."

"कुठं गळतीय? चांगली तर आहे!"

"आतनं गळते. म्हणजे आत रेघ असते. चहा गाळा बघू लवकर."

त्यांनी नवलानं चहा गाळला. गाळण्यात चहाची पूड आणि आल्याचा तुकडा. मी पातेली उलटी-सुलटी केली, बोट फिरवलं. आत रेघ नाही. नवी कोरी!

"नाही गळत!" मी इतक्या जोरात ओरडले की त्यांचं मांजर उठून पळालं. कपबशी त्यांनी पुढं केली तसा मी तो चहा उभ्या उभ्या प्यायले. अक्का काही केल्या घेईना, तेव्हा तिच्या वाटणीचाही प्यायले. तेवढा गोड चहा मी परत कधी प्यायले नाही.

"म्हणजे गिरजाकाकू," बाहेर आल्यावर अक्का म्हणाली. "उर्मे, बाकी कुणीही चाललं असतं गं!"

खरं होतं. गिरजाकाकू म्हणजे बाजारातनं आणलेली मेथीची जुडीसुद्धा पाणी शिंपडून घरात घेणाऱ्या. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं आणि कुणाच्या घरी काय करपलं, ते आधी त्यांना कळणार. आम्ही गेलो तर त्या देवघरापुढं बसलेल्या, आणि पातेली? ती थेट देवापुढं! वर झाकणी घातलेली, झाकणीवर झेंडूचं फूल.

अक्कानं माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशी तो काळानिळा झाला होता.

"काकू," मी खाकीची कॉलर सरळ करत म्हणाले, "ही पातेली बदलून द्यायचीय. लॉट खराब आहे."

"खराब? देवापुढं ठेवलीय मी. आता न्हाई हलवत."

"अहो, गळते ती!"

"तिळगूळ गळतो का कधी?" काकू म्हणाल्या. त्यांनी फूल बाजूला केलं, झाकणी उघडली आणि आमच्या हातावर एकेक लाडू ठेवला. "घ्या. तुमच्याच घरचा हाय. वाण कधी रिकामं देतात व्हय? तुझ्या सासूनं एक एक पातेली स्वतःच्या हातानं उघडली, मूठभर तिळगूळ घातला, मग दिली. रीत म्हणजे रीत बाई तिची!"

तिळगूळ माझ्या हातात होता आणि डोक्यात घंटा वाजली. अक्काच्याही वाजली असणार, कारण आम्ही दोघींनी एकदमच एकमेकींकडं बघितलं.

वाण रिकामं देत नाहीत! पाळण्यातल्या पोरीला कळतं ते, आणि आम्ही दोन शहाण्या गल्लीभर धावत होतो. पातेली कुठल्याच घरी गेली नव्हती. जाणारच नव्हती. कारण प्रत्येक पातेली आधी आत्याबाईंनी उघडली होती.

"आणि काय झालं सांगू?" गिरजाकाकूंना बोलायला माणूस मिळालं होतं. "माझ्यासाठी तिनं पहिली पातेली उचलली, उघडली, आत बघितलं आणि फट्कन झाकली. म्हटलं, काय झालं गं हौसा? तर म्हणाली, ह्याला पोचा हाय. मांडीवर घेतली, वरनं पदर घातला आणि मला दुसरी काढून दिली. पोचा आलेली कशाला मांडीवर घेऊन बसायची, देव जाणे!"

मांडीवर गच्च ओढलेला पदर मला आठवला.

परत येताना आम्ही पळत नव्हतो. अक्का म्हणाली, "पायच धर सरळ. मी पण धरते."

"तू कशाला? तू काय केलंस?"

"उचलली मीच न्हवं?" आणि ती एकदम रडायलाच लागली, भर गल्लीत. मला कळेना, नोकरी माझी जायची आणि रडतीय ही!

घरी आलो तर माजघर रिकामं. तबक झाकलेलं, परात धुवून पालथी घातलेली. वरनं हाक आली. "दोघी वर या."

आत्याबाई गच्चीवर, टाकीमागं, माझ्याच जागेवर बसल्या होत्या. उतरतं ऊन होतं. समोर माझी पातेली, झाकणी तिरकी केलेली, अगदी मी ठेवते तशी. हे बघून मला जास्तच भीती वाटली.

"ही कुणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"नाव कुणाचं हाय वर?"

"तुमचं."

"आणि आतलं?"

"ते माझं." आणि मग म्हटलं, मरायचंच आहे तर ताठ मरू. मी सगळं सांगितलं. कप काय, कुठं घालतात, कसा काढतात, धुताना साधा साबण आणि भरपूर पाणी, मग उकळायचा, सुकवायचा आणि सुती पिशवीत ठेवायचा. थांबे सांगावेत तसं न थांबता सांगितलं. अक्का मागं पदरात तोंड लपवून उभी.

आत्याबाईंनी पातेली उचलून आत बघितलं. "उकळतीस कुठं?"

"आपल्याच गॅसवर."

अक्कानं मागं "अगं आई" म्हटलं.

"किती येळ?"

"पाच-सात मिनिटं. पाणी पुरेसं घालून. तळाला लागू देत नाही, गाळण्यात ठेवते."

"गाळणं कुठलं? चहाचं?"

"नाही, नाही! ते माझं वेगळं आहे. पातेलीही दुसऱ्या कशाला वापरत नाही. शप्पथ!"

आत्याबाईंनी आतल्या पांढऱ्या रेघेवरनं बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कोचीच्या दुकानात मूस असती, सोनं वितळवायचं भांडं. सोन्याची मूस चांदीला लावत न्हाईत. तुझ्या सासऱ्यानं एका कारागिराला एवढ्यावरनं कामावरनं काढलं होतं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "भांडं येगळं ठेवलंस. ही एक अक्कल बरी केलीस."

मला कळेना, ही दाद आहे का फासावर द्यायच्या आधीचा पेढा.

"पण एक चोरी केलीस. वाणातली पातेली न विचारता घेतलीस. माझ्या नावाच्या भांड्यात तुझी वस्तू! गिरजासमोर झाकणी उघडली तवा माझ्या काळजाचं पाणी झालं. तिच्या हातात गेली असती म्हंजे? दोन तास मांडीवर घेऊन बसले. चाळीस बायकांना कुंकू लावलं, पण मांडी हलवली न्हाई. पाय मेला अजून बधिर हाय."

"मग टाकून का नाही दिलीत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"टाकू कशाला? धुतलेली होती, उकळलेली होती, उन्हात वाळलेली होती. बघितल्यावर कळत न्हाई व्हय मला?" त्यांनी पातेली खाली ठेवली. "आणि काय हाय ते तवाच वळखलं. सहा महिने झाले, महिन्याच्या महिन्याला ही पातेली हितं टाकीमागं असती. म्हटलं, पोरगी आपण होऊन सांगंल."

सहा महिने!

मग त्या अक्काकडं वळल्या. आवाज एकदम उतरला. "रत्ना, तुझी कुठं हायत गं? कापडं?"

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"लाकडांच्या मागंच न्हवं? जा. घेऊन ये."

अक्का खाली गेली आणि परकरात गुंडाळलेलं एक गाठोडं घेऊन आली. आत्याबाईंनी ते उघडलं. दोन दिवसांपूर्वी धुतलेले कपडे, पण ओलसर, आणि कुबट वास. एका टोकाला बुरशीचे काळे ठिपके.

"किती दिवस झाले खाज सुटून?" आत्याबाईंनी विचारलं.

"आत्याबाई…"

"किती दिवस? दिवसात धा येळा मोरीत जातीस, मला दिसत न्हाई का?"

"सहा-सात महिने," अक्का म्हणाली आणि मघाशी गल्लीत सुटला होता तोच हुंदका परत सुटला. "मलम लावते. दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. सांगू कुणाला?"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रोज बसमधनं उड्या मारून उतरत होते, आणि माझ्याच घरात, माझ्याच शेजारी ही एवढं सोसत होती! डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं ते मी अक्काला का सांगितलं नाही? लपवण्यात मीही सगळ्यांत पुढं होते की.

आत्याबाई त्या ओल्या कपड्यांवर हात ठेवून बसल्या. "लग्न झाल्यावर आठ वर्षं कोचीत काढली मी," त्या म्हणाल्या. "दुकानाच्या मागं एक खोली. पुढं भट्टी, गिऱ्हाईक, कारागीर. कापडं खाटंखाली वाळवायची. तिथला दमटपणा म्हंजे काय सांगू, मीठसुद्धा पाणी सोडायचं. मला पण हेच. आठ वर्षं. विट्याला आले, हे घर बांधलं, एवढी मोठी गच्ची, एवढं ऊन… आणि मी दोरी बांधली ती सरपणाच्या खोलीत! सवय, दुसरं काय. आणि वर तुम्हाला रीत म्हणून सांगितली."

मग मीच विचारलं, कारण माझं सगळं त्यातच अडकलं होतं. "आत्याबाई, मग माझी बॅग? खाली ठेवू?"

"का?"

"रीत मोडली ना मी."

"रीत मी घातली होती," आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, "आता मीच मोडते. तुझी बॅग कशी जाईल? आज सकाळी सूर्याला दूध उतू घातलं मी, अंगणात, सगळ्यांदेखत. त्याला दूध चालतं आणि कापड चालत न्हाई व्हय? सगळं बघतो त्यो वरनं. त्याच्यापासनं काय लपवायचं? रत्ना, रड पुरं. ही सगळी आधी थंड पाण्यात घाल. गरमात घालू नको, डाग बसतात. मग साबण, आणि पाणी निवळ येईस्तवर खळबळायची. ठिपके पडलेली टाकून दे, नवी सुती शिवू. उर्मिला, तू दोरी आण."

मी दोरी आणायला धावले! जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरले, आणि खाली माजघरात कुणी नाही बघून गळ्यातली शिट्टी जोरात फुंकली. वरनं आत्याबाई ओरडल्या, "खुळी झालीस का गं!" पण ओरडता ओरडता हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्युटीवरनं येताना गल्लीच्या तोंडावरनंच मला आमची गच्ची दिसली. ऐन उन्हात दोरी, आणि दोरीवर ओळीनं कपडे. वरनं परकर नाही, चादर नाही. गिरजाकाकू खाली उभ्या राहून वर बघत होत्या. "हौसा, काय गं हे?" त्यांनी हाक मारली. आत्याबाई कठड्यावरनं वाकून म्हणाल्या, "ऊन हाय म्हणून घातलंय. तुझी बी आण, जागा हाय दोरीवर." गिरजाकाकू पुढं महिनाभर आमच्याकडं पाणी प्यायल्या नाहीत. आणि त्याच आठवड्यात आत्याबाई स्वतः अक्काला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेल्या. तीन आठवड्यांच्या औषधानं अक्काला बरं वाटलं.

पण मला सांगायचंय ते माझ्या सुट्टीच्या दिवशीचं. आत्याबाईंनी मला बाजारात नेलं, भांड्यांच्या दुकानात. झाकणीच्या दोन पातेल्या घेतल्या, एक मला आणि एक अक्काला, तिला कप वापरून बघायचा होता म्हणून. दुकानातला माणूस नाव घालायचं मशीन घेऊन बसला.

"नाव काय घालू?"

"हौसाबाईकडून सुनेस," आत्याबाई म्हणाल्या. "दोन्हीवर तेच घाल. खाली एकीवर उर्मिला, एकीवर रत्ना."

मशीन घर्रर्र करत चाललं. त्यानं मान वर करून विचारलं, "आणि निमित्त काय घालू, काकी? बारसं, वास्तुशांत, वाढदिवस?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी पदर खांद्यावर घेतला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "निमित्त कशाचं आलंय? दर महिन्याचंच हाय."

तो माणूस साधा. त्यानं जे ऐकलं तेच कोरलं. माझी पातेली आजही आमच्या स्वयंपाकघरात आहे, लपवून नाही, वरच्या फळीवर वेगळी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं अशी: 'हौसाबाईकडून सुनेस, उर्मिला. दर महिन्याचं.'